सावलीमागे जाणारं घर

मे महिन्यात आमच्या बदलापुरात, बेलवलीतल्या इमारतीच्या सातव्या मजल्यावर, कावळेसुद्धा कठड्यावर चप्पल घालून बसतात. अशा उन्हात समोरच्या मोकळ्या प्लॉटवर एक म्हातारा आपलं चाकांवरचं पत्र्याचं घर घेऊन उतरला. ते ओढून आणणारी जीप लगेच दुरुस्तीला उल्हासनगरला गेली. म्हटलं, हा दुपारपर्यंत पापडासारखा भाजून निघणार.

कसला भाजतोय! दर तासाला तो बाहेर यायचा, कपाळावर हात धरून सूर्याला एकदा दटावायचा, चाकांखालच्या विटा काढायचा आणि पहारीने रेटत घर चिंचेच्या सावलीत न्यायचा. टपावर ओली गोणपाटं, दाराला वाळ्याचा पडदा. मग चादर ओढून सातव्या मजल्यापर्यंत ऐकू येईल असा घोरायचा. आमचा एसी बंद पडलेला. मी वर जळत होतो, निम्मा उन्हाने, निम्मा त्या घोरण्याने.

"घर असावं तर असं," बायको खिडकीतून म्हणाली.

झालं! खोट काढायलाच मी खाली उतरलो. "काका, ही रोजची हमाली कशाला?"

"ऊन काय माझं ऐकतंय? मग मीच सरकतो," म्हातारा म्हणाला. "तुमचं घर कुठे सरकतंय? या, हात लावा जरा."

लावला.

आठव्या दिवशी जीप आली आणि तो गेला. चिंचेभोवती चाकांचा अर्धगोल तेवढा राहिला. आता त्यावरून मी घाम पुसत दर तासाला माझी खुर्ची सरकवतो, आणि वरून बायको ओरडते, "अहो, काकांना चादर लागायची!"