नवऱ्याचं नाव
अंगठ्याला लावायच्या काळ्या शाईचा वास आला की मला सोलापूरची दस्त नोंदणीची जुनी कचेरी आठवते. मी तिथं नुकताच कारकून म्हणून लागलो होतो, आणि दोरीनं पंखा ओढणारा शिपाईच घामानं भिजावा असला उन्हाळा होता. जवळच्या गावचा एक माणूस आपल्या विधवा भावजयीला घेऊन आला. ती तिची जमीन त्याच्या नावे करून देणार होती. तिची ओळख पटवणारे दोन्ही साक्षीदार त्यानंच आणलेले. बाईचा पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. मी तिच्या अंगठ्याला शाई लावली आणि नेहमीप्रमाणे नवऱ्याचं नाव विचारलं. तिनं ते घडाघडा सांगितलं, सासऱ्याच्या नावासकट. शेजारच्या टेबलावर दस्त नोंदवणारे आमचे म्हातारे साहेब लिहिता लिहिता थांबले. आमच्याकडं बाई गेलेल्या नवऱ्याचंसुद्धा नाव घेत नसे, दुसऱ्या कुणाला सांगायला लावी. साहेबांनी त्या माणसाला शिपायाबरोबर बाहेर बसवलं आणि हलकेच विचारलं, "बाई, तुम्ही कोण?" ती रडायलाच लागली. "लुगडं देतो म्हनला जी. कागूद कशाचा हाय, मला ठावं न्हाय." खरी भावजय अक्कलकोटला माहेरी होती, तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. साहेबांनी स्वतःच्या रुमालानं त्या बाईचा अंगठा पुसला आणि तिला घरी पाठवलं. माणसाला मात्र पोलिसांत दिलं. त्या दिवसापासून आमच्या कचेरीत घेणाऱ्याच्या साक्षीदारांवर काम भागेना, देणाऱ्याच्या गावचा पाटील समोर लागायचा. काल घराच्या कागदासाठी मी बायकोला कचेरीत नेलं. नवऱ्याचं नाव विचारल्यावर ती गप्पच बसली. तरुण कारकून वैतागला. मी म्हटलं, "रागावू नका, अंगठा घ्या. बाई खरी आहे."