सुताराची निळी पट्टी

ब्रिस्टलच्या छापखान्यात हेस्टर गलिक आणि मी शेजारी शेजारी बसायचो. सिगारेटच्या पाकिटात घालायची चित्रं छपाईच्या सपाट दगडावर काढायची, प्रत्येक रंगाला वेगळा दगड. नांगर, दीपस्तंभ, दाढीवाले खलाशी, शिडाची जहाजं. ज्यांना नावेत बसल्या बसल्या ओकारी येते, त्यांनाच सिगारेट ओढताना समुद्राचं भारी वेड. हेस्टर दोन शब्द बोलली की मी वीस बोलायचे, म्हणून आमचं जमलं.

तिचा नवरा एमोस 'ओरिएल' जहाजावर सुतार होता. तापाने गेला आणि त्याला भर समुद्रात पाण्यात सोडलं. पुढे जहाजही परदेशी मालकाला विकलं गेलं. रविवारी बाकीच्या विधवा थडग्यांवर फुलं घेऊन जायच्या, ही घरी मोजे रफू करत बसायची. मला ते बघवायचं नाही.

मग जहाजांच्या चित्रमालेत नेमकं 'ओरिएल' आलं, आणि तेही तिच्याच वाट्याला. जहाजाच्या अंगावर पांढरी पट्टी होती. छापताना तेवढी जागा कोरी सोडायची. हेस्टरने निळ्या रंगाच्या दगडावर ती पट्टी भरून टाकली. आमच्या बंदरात हे कुणाला सांगावं लागत नाही: कप्तान किंवा मालक वारला की जहाजावर निळी पट्टी मारून दुखवटा पाळतात.

पहिला नमुना छापून निघाला तसा फोरमन टोवी तरातरा आला. माणूस तिरसट, पण खलाशाचा मुलगा. पट्टी पुसा नाहीतर घरी बसा, म्हणाला. सुतारासाठी आजवर कुणी निळी पट्टी मारलेली नाही.

हेस्टरने हातातला खडू खाली ठेवला.

"जहाजाला भोक पडलं की खाली उतरून कोण बुजवतं हो, टोवीसाहेब? कप्तान?"

टोवीने नमुना उचलला. पट्टी न पुसता तो तसाच तंबाखू कंपनीच्या माणसाकडे घेऊन गेला. निळा रंग छान खुलतो म्हणत त्या माणसाने चित्र पसंत केलं, आणि टोवीने त्याला अर्थ सांगितला नाही. तेवढ्यासाठी मी टोवीची वर्षभराची कटकट माफ केली.

पाकिटं बाजारात आली त्या शनिवारी आम्ही दोघी धक्क्याजवळच्या तंबाखूच्या दुकानात गेलो. एका म्हाताऱ्या खलाशाने पाकीट फोडलं, चित्र डोळ्यांपासून लांब धरलं आणि दुकानदाराला विचारलं, "ओरिएलचा कप्तान गेला वाटतं. कोण होता रे?"

हेस्टर पुढे झाली. "कप्तान धडधाकट आहे, बाबा. सुतार गेला. एमोस गलिक."

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं, पुन्हा चित्राकडे पाहिलं. आता हा हसणार, म्हणून मी भांडायच्या तयारीतच होते. त्याने टोपी काढली.

"एमोस गलिक," तो हळू आवाजात म्हणाला. त्याच्या मागे उभ्या असलेल्या दोघांनीही टोप्या काढल्या, आणि हेस्टर त्या दुकानातच, नवरा गेल्यापासून पहिल्यांदा, मोकळेपणाने रडली.