रतनबाई लंकेला एकट्याच

पारनेरात आज जी पिकली डोकी दिसतात, त्यातल्या निम्म्यांनी काशी, द्वारका, रामेश्वर पाहिलं ते सहादेवच्या बसमधून. सहादेव माणूस बारका, पण आवाज बसच्या हॉर्नला लाजवणारा. हातात माइक असो नसो, सीटांच्या मधल्या वाटेत उभा राहिला की नाकातून सुरू व्हायचा, "भाऽविक मंडळी, डाव्या हाताला बघा, काकू तुमचा तो उजवा झाला, डाव्या हाताला बघा, गोदावरी माय." तोवर गोदावरी मागं पडून पेट्रोल पंप आलेला असायचा. मंडळी पंपाला हात जोडायची.

बसच्या डिकीत एक अख्खा संसार असायचा. भट्ट्या, टोप, पराती, पिठाची पोती, कांद्याची गोणी. त्या संसाराच्या मालकीणबाई म्हणजे रतनबाई, सहादेवची बायको. बस थांबली की मंडळी देवळाकडं आणि रतनबाई बसच्या सावलीला. मंडळी घाटावर, रतनबाई बसच्या सावलीला. भारतातल्या कुठल्याही तीर्थाचं नाव घ्या, रतनबाईंना तिथली सावली बसच्याच आकाराची आठवते.

कोरोनात बस उभी राहिली ती परत निघालीच नाही. पुढच्या वर्षी सहादेवही गेला. टोप माळ्यावर चढले, आणि रतनबाई मुलगा पार्थ आणि सून मोनिका यांच्यासाठी तीनच माणसांची भाजी करायला शिकू लागल्या. ते काही त्यांना जमलं नाही. आजही त्यांच्या हातची आमटी शेजारच्या दोन घरांत जाते.

त्या रतनबाई एका दुपारी वाटाणे सोलता सोलता म्हणाल्या, "मोनिका, लंकेला जायाला किती पडतं गं?"

मोनिकाचं तहसील कचेरीजवळ ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. दिवसभर लोकांना "नाव सांगा, आधार द्या, ओटीपी आला का" विचारून तिचं घरातलं बोलणंही तसंच झालेलं.

"जाणार कोण कोण?"

"मी."

"आणि?"

"आनि काय? मी."

"सोबत व्यक्ती?"

"न्हाई म्हनलं ना बाय. लिही तिथं, कुनी न्हाई."

मोनिकानं हातातली शेंग खाली ठेवली. लंकाच का, हे तिनं विचारलं, आणि रतनबाईंनी वाटाण्यांवरची नजर न काढता सांगितलं.

रामेश्वरची ट्रिप असली की सहादेव मंडळींना धनुष्कोडीला न्यायचाच. जमीन जिथं संपते तिथं वाळूत उभा राहून तो हात लांब करायचा. "मंडळी, हे सरलं आपलं. पल्याड लंका. दिसत न्हाई, पन हाय. बघून घ्या अन् बारा वाजता पिठल्याला या." मंडळी पदर, धोतरं सावरत पाण्याकडं पळायची. तिथं वारा असा की भट्टीची ज्योत ठरायची नाही. वारा समुद्रावरून येणार, मग आडोसा तरी कशाचा करायचा? रतनबाई स्वतःच आडोसा व्हायच्या. समुद्राकडं पाठ करून, पदर दोन्ही बाजूंनी ताणून भट्टीपुढं बसायच्या. मागं समुद्राचा आवाज आणि पुढं पिठल्याचा. मान वळवली की ज्योत फडफडायची. पिठल्याला गुठळी होऊ द्यायची, का समुद्र बघायचा?

"मग मी म्हनायची, पुढच्या खेपंला," रतनबाई म्हणाल्या. "प्रत्येक खेपंला म्हनायची."

मोनिकानं त्याच संध्याकाळी मोबाईल घेतला. शिर्डीला दर्शनाला येणारी मद्रासकडची माणसं ज्या रेल्वेनं येतात, त्याच रेल्वेनं चेन्नई. तिथून बसनं नागपट्टण. तिथून बोट. विमानापेक्षा स्वस्त आणि सगळं पाण्यावरून. लंकेत उतरल्यावर साध्या बसनं खाली खाली जायचं, आणि दक्षिणेला किनाऱ्याला चिकटून धावणारी एक रेल्वे आहे, तिच्या खिडकीतून समुद्र हाताला लागेल असा दिसतो. जायचं संक्रांतीनंतर, तेव्हा तिकडं आभाळ स्वच्छ असतं.

"ऱ्हायचं धर्मशाळंत," रतनबाईंनी ठरवून टाकलं. "भाजनी घेते, चटनी घेते. स्टोचं तेवढं विचार, बोटीत चालतो का."

"स्टो चालत नाही."

"बारका गं."

"बारकाही चालत नाही. आणि लागणारही नाही. ही बघा खोली, एका म्हाताऱ्या बाईंच्या घरात. समुद्र मागच्या दाराला. नाश्त्यासकट भाडं आहे, धर्मशाळेपेक्षा थोडंच जास्त."

"नाश्ता कोन करनार?"

"त्या बाई."

"अन् भांडी?"

"त्याच."

रतनबाई बराच वेळ त्या फोटोकडं पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "बिचारी."

पार्थ सुप्याच्या एमआयडीसीतून ड्यूटी करून आला आणि ऐकून खुर्चीतच बसला. "आई, शिर्डीला जा ना. एसटीला बायकांना अर्धं तिकीट. समुद्रच पाहिजे तर दिवेआगरला जाऊ की, सगळे मिळून. मावशीला बोलवू, आत्याला बोलवू."

"सगळे म्हनलं की सैपाक आला," रतनबाई म्हणाल्या.

"तू करू नकोस ना मग."

"मंग कोन करील? तू?"

पार्थनं मोबाईलमध्ये डोकं घातलं. त्याच्या हातून एकदा मॅगी जळाल्याची आठवण घरात सगळ्यांनाच होती.

ठरलं असं की जाईपर्यंत कुणाला सांगायचं नाही. गावात एकदा कळलं की समुद्रात टाकायला नारळ येणार, वरून चिल्लर येणार, शेवटी माणसं येणार. पण पासपोर्टच्या कामाला शेजारची दोन माणसं ओळख द्यायला लागतात, पोलीस येऊन त्यांना विचारून जातात. घराच्या डाव्या अंगाला दगडाबाई आणि उजव्या अंगाला काकासाहेब. तिसरं घर बंद. त्यांच्याशिवाय नाव देणार कुणाचं? मोनिका आधार कार्डाच्या झेरॉक्स मागायला गेली, आणि परत येईपर्यंत लंकेची बातमी वेशीपर्यंत गेली होती.

संध्याकाळी अंगण भरलं.

काकासाहेब सोसायटीचे जुने सचिव. निवृत्त झाले तरी तोंडातली सभा काही संपली नव्हती. खाकरून म्हणाले, "सर्वप्रथम, वहिनींचं अभिनंदन. सदर सहलीचा विषय निघालाच आहे, तर त्या अनुषंगानं असं सुचवावंसं वाटतं की, एकट्या बाईमाणसानं परमुलखात जाण्यापेक्षा आपण सर्वांनीच..."

"सरळ सांगा की, मलाबी न्या," दगडाबाई म्हणाल्या. दगडाबाईंचा आवाज जात्यासारखा, बोलणंही तसंच, मधे येईल ते भरडणारं. रतनबाईंची ही जन्माची शेजारीण. दोघींनी एकमेकींच्या घरचं मीठ-मिरची इतकं नेलंय की कोणाचं कोणाकडं बाकी आहे ते देवालाच ठाऊक. "मी तर येनारच. मला नको का लंका?"

मग जुनी ट्रिपवाली मंडळी गोष्टींवर आली.

"पुरीला काकासाहेबांची चप्पल लाटंनं नेली, ध्यानात हाय का?"

"आणि पुढच्या लाटेनं दुसऱ्याची आणून दिली," काकासाहेब म्हणाले. "मापाला किंचित मोठी होती, परंतु टिकाऊ निघाली."

"अन् बन्सी न्हाव्याच्या आईनं सोमनाथाला समुद्राला दंडवत घातला अन् तोंडात पानी गेलं तर म्हनती, अगं बाय, खारं हाय, कुनी मीठ टाकलं."

दगडाबाई उठल्या, नाक दाबलं आणि मधल्या वाटेत उभं राहावं तशा अंगणात उभ्या राहिल्या. "भाऽविक मंडळी, डाव्या हाताला बघा." हुबेहूब सहादेव. अंगण हसून लोळलं. रतनबाईही हसल्या, पदर डोळ्याला लावून हसल्या. तो आवाज या अंगणात ऐकून किती दिवस झाले होते. बसमधला डिझेलचा आणि शिळ्या चपातीचा वास, पहाटेची "उठा, चहा झाला" ही हाक, झोपेत एकमेकांच्या खांद्यावर पडलेली माणसं, खिडकीशी बसायला भांडणाऱ्या म्हाताऱ्या. सगळं एकदम अंगावर आलं. वाटलं, काय वाईट आहे? काढावी बस. माळ्यावरचे टोप उतरवावेत. मालक नसले तरी माणसं तर तीच आहेत.

"कन्याकुमारीला दिस उगवला बघ," दगडाबाई सांगत होत्या. "पान्यातून असा वर आला, भिजल्यावानी. अजून डोळं मिटलं तरी दिसतो. रतन, तू माझ्याशेजारीच हुतीस की."

"मी न्हवते."

"हुतीस. लाल लुगडं हुतं तुझ्या अंगावर."

"लाल लुगडं हुतं. पन मी बसपाशी उपमा हालवत हुते."

"असंल बाई," दगडाबाई म्हणाल्या, "उपमाबी लई झकास झाल्ता त्या दिशी," आणि पुन्हा सूर्याकडं वळल्या.

रतनबाई ऐकत राहिल्या. जो तो आपापला समुद्र काढून दाखवत होता. कुणाचा हिरवा, कुणाचा काळा, कुणाच्या गुडघ्याला लागलेला, कुणाच्या नाकातोंडात गेलेला. त्यांनी आपलाही आठवून पाहिला. त्यांना द्वारकेला कांदे महाग मिळाले होते ते आठवलं. पुरीला डाळ शिजली नव्हती ते आठवलं.

"तर मग वहिनी," काकासाहेब म्हणाले, "साधारण पंधरा-वीस टाळकी धरली, तर पीठ किती लागेल?"

"दोन पोती," रतनबाईंच्या तोंडून गेलं. ज्याचं उत्तर तयार असतं ते विचार न करता बाहेर येतं. अंगणात आनंदाची कुजबुज झाली. वहिनींनी होकार दिला.

"न्हाई," रतनबाई म्हणाल्या. "थांबा. मी न्हाई येत सैपाकाला."

"मग?"

"मग काय? सैपाक न्हाई करायचा मला."

"मंग लंकेला जाऊन करनार काय तू?" दगडाबाईंनी विचारलं.

"बसनार."

"कुठं?"

"वाळूत. पान्याकडं तोंड करून."

"आमी काय तुझं तोंड धरून दुसरीकडं वळवनार हाय का? तू बस की. आमीबी बसतो."

"तुमी बसला की तुमाला भूक लागती गं," रतनबाई म्हणाल्या. "अन् तुमाला भूक लागली की मला उठावं लागतं. तुमी न्हाई उठवत मला. माझी मीच उठते. मला सवय हाय. म्हनून एकटीला जायाचंय."

 काकासाहेबांनी घसा साफ केला, पण सभेत या विषयाला क्रमांक नव्हता. वहिनी नसतील तर जेवणाचं काय, या एका प्रश्नावर त्यांना अचानक गुडघा आठवला. दुसऱ्या एकाला नातवाची परीक्षा. बघता बघता अंगण रिकामं झालं.

दगडाबाई तेवढ्या राहिल्या. दारापर्यंत जाऊन वळल्या.

"एकटीला गोड लागंल का गं?"

"ठावं न्हाई."

"सहादेवभाऊ असते तर गेली असतीस का अशी?"

"नसते गेले," रतनबाई खरं बोलल्या. "त्यांच्याबरोबर बसची बस गेली असती."

दगडाबाई निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी आमटीचा टोप त्यांच्या दारातून तसाच परत आला. तिसऱ्या दिवशीही आला. पार्थ म्हणाला, झालं, आता ओळख कोण देणार. मोनिकानं गावातली दुसरी नावं शोधायला घेतली. रतनबाई म्हणाल्या, "नावं दिलीत ती दिलीत. न्हाई म्हनली दगडा, तर न्हाई जायाचं." आणि त्या आठवड्यात त्यांनी लंकेचा विषय काढला नाही.

पोलीस आले ते सकाळी. सुकन्या मॅडम म्हणून नवीन हवालदार होत्या, वयानं मोनिकाएवढ्या. ओट्यावर बसून त्यांनी कागद काढले. काकासाहेब आधी आले. "सदर महिलेस मी गेली कित्येक वर्षे ओळखतो. वर्तणूक चांगली. तक्रार नाही," एवढं म्हणून सही करून, रतनबाईंकडं न बघता बाजूला जाऊन उभे राहिले.

दगडाबाईंना तीनदा हाका गेल्या, तेव्हा आल्या.

"आजी, यांना ओळखता का?"

"वळखायला काय झालं? भिंतीला भिंत हाय."

"कशा आहेत?"

"हट्टी."

सुकन्या मॅडमचं पेन थांबलं. रतनबाईंनी खाली पाहिलं.

"म्हणजे, वागायला कशा आहेत?"

"सांगितलं की, हट्टी. दुसरं काय वाईट न्हाई."

"परदेशात एकट्याच चालल्यात म्हणतात. कशासाठी, माहीत आहे का?"

"समुद्र बघाया."

मॅडमनी कागद चाळले. "पण या तर यात्रा कंपनीवाल्या ना? रामेश्वर, पुरी, कन्याकुमारी, सगळीकडे कैक वेळा गेलेल्या."

"गेल्ती की," दगडाबाई म्हणाल्या. "आमी बघाया गेल्तो. ती आमाला जेवू घालाया गेल्ती." आणि एवढं बोलून झाल्यावर ते स्वतःलाच आत्ता ऐकू आल्यासारख्या रतनबाईंकडं वळल्या. मग जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "एकटीच जाऊ द्या तिला. काय लिहायचं ते लिहा."

मॅडमनी 'पर्यटन' लिहिलं आणि शाईचं पॅड पुढं केलं. दगडाबाईंनी अंगठा उठवला.

रतनबाई त्यांच्याकडं बघून काहीतरी बोलणार, तोच दगडाबाई म्हणाल्या, "तू बोलू नगंस. मी रागात हाय अजून." आणि अंगठ्याची निळी शाई रतनबाईंच्या धुतल्या पदराला, नीट दोन्ही बाजूंनी, पुसून टाकली.