कुंपणाच्या आत आलेली बाई

आमच्या चौकात अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी उतरवलेली लिंबं पडलेली असतात. लोक वळसा घालून जातात. मी एकदा त्यातलं चांगलं पिवळं लिंबू उचलून घरी आणलं आणि सरबत करून प्याले. साखर जरा जास्त पडली, बाकी काही झालं नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचून कोणी म्हणू नये की म्हातारी भोळी आहे. भूत, करणी, अंगात येणं... मी यातलं काहीही मानत नाही. या ग्रुपवरचे अनुभव वाचते आणि बहुतेक वेळा हसते. तुमच्या सगळ्यांच्या अनुभवात रात्रीचा सुनसान रस्ता असतो. माझ्या बाबतीत जे झालं ते दुपारी अडीच वाजता, पंख्याखाली, कॉम्प्युटरवर झालं.

मी बहात्तर वर्षांची. चौथी पास. अकोल्याला जुन्या शहरात मुलाकडे राहते, दुसऱ्या मजल्यावर. त्याआधी सगळं आयुष्य अमरावतीजवळ वलगावला गेलं. तिथे आमची शेती, आणि तिथे माझी धाकटी जाऊ सुमन.

सुमनबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. तीस वर्षं आम्ही दोघींनी एकत्र कापूस वेचला. सकाळी दव असताना शेतात शिरायचं, कमरेला ओटी बांधायची, शेजारशेजारचे तास, म्हणजे पिकाच्या ओळी, धरायचे. तिचा हात माझ्यापेक्षा जलद, पण सरळ तासात राहणं तिला कधी जमलं नाही. बोलता बोलता माझ्या तासात शिरायची, माझीच चांगली फुटलेली बोंडं ओढायची आणि हसायची. मी म्हणायची, "सुमन, तुह्या तासात जा." ती म्हणायची, "जाऊबाई, कापूस एकाच घरात जाते ना, मंग?" दुपारी भाकर, ठेचा आणि तिच्या गप्पा. अख्ख्या गावाची नक्कल करायची. माझीही करायची, माझ्या तोंडावर.

आमच्याकडे वेचणी सुरू करण्याआधी सीतादही करतात. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पाच खडे मांडायचे, हळदकुंकू लावायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवून तो पऱ्हाटीवर, कापसाच्या झाडांवर, शिंपडायचा. मग वेचायला सुरुवात. घरातली मोठी बाई हे करते. सासूबाईंच्या मागे कितीतरी वर्षं मी केलं. माझे मालक वारले त्या वर्षी मी ताट घेऊन निघाले तर गावातल्या दोन म्हाताऱ्या म्हणाल्या, "आता तू नोको करू. सुमनले करू दे." सुमननं माझ्या हातातलं ताट घेतलं. खाली बघून घेतलं.

मी तिथूनच मागे फिरले. महिन्याभरात अकोल्याला आले. तिनं फोन केले, मी उचलले नाहीत. अकरा वर्षं. मग ती गेली. मी मौतीला गेले, तासभर बसले, परत आले. तिनं ते ताट खुशीनं घेतलं की नाइलाजानं, एवढंच मला तिला विचारायचं होतं. ते राहिलं.

आता खेळाचं सांगते.

माझी नात मुक्ता पुण्याला नोकरी करते. मधे वर्षभर ती घरून काम करत होती, तेव्हा तिनं इथे मोठा कॉम्प्युटर घेतला. जाताना तो शिलाई मशीनच्या टेबलावर तसाच सोडून गेली. दिवसभर मी एकटी असते, म्हणून तिनं ठरवलं की मला तिचा तो ऑनलाइन खेळ शिकवायचा. हजारो लोक आपापल्या घरून त्यात येतात, प्रत्येकाचं एक माणूस असतं, ते फिरतं, लढतं, घर बांधतं. दिवाळीच्या दोन महिने आधी ती सुट्टीवर आली आणि मला खुर्चीत बसवलं.

"आजी, आता इथे युजरनेम टाक."

"म्हंजे?"

"खेळातलं नाव. आपलं खरं नाव द्यायचं नाही."

"काहून? चोऱ्या करायच्या हायेत का?"

शेवटी 'कांदाभाकर' असं नाव टाकलं. पासवर्ड मी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला तर मुक्ता ओरडली. मी म्हटलं, चोराले खेळायचं असन तर खेळू दे, माही लेव्हल तरी वाढन.

मग बाई तयार करायची होती. आधी जी आली तिची कंबर मुठीत मावेल एवढी. मी विचारलं, "हिले घरी कोणी खायले देत नाही का?" तिथे जाडीची एक पट्टी होती, ती मी माऊसनं शेवटपर्यंत ओढली. केस पांढरे केले. मुक्ता हसून हसून पलंगावर आडवी झाली.

चालणं शिकायला मला आठवडा लागला. डब्ल्यूचं बटण दाबलं की पुढे, एस दाबलं की मागे, आणि मान वळवायला माऊस. पहिले तीन दिवस कांदाभाकर भिंतीला नाक लावून चालत होती. चार वेळा नदीत बुडून मेली. तिथे मेलं की थोड्या वेळानं एका देवळासारख्या जागेत परत उभं राहता येतं. मी मुक्ताला म्हटलं, ही सोय चांगली आहे.

मुक्ता, तिचे पुण्याचे दोन मित्र आणि मी, अशी आमची चौघांची टोळी. हेडफोनमधून पोरं ओरडायची, "आजी, मागे व्हा, डुक्कर येतंय!" मी मागे व्हायला गेले की पुढे जायची. लढाई काही मला जमली नाही. पण टोळीला कुंपण घातलेली जमीन होती. त्यात पेरता यायचं. आमच्या चौघांशिवाय त्या कुंपणात कोणालाच येता येत नाही, दार उघडतच नाही. एक पांढरं पीक होतं, त्यापासून सूत काढतात. खेळात त्याचं नाव वेगळं आहे, मी कापूसच म्हणते. मुक्ता पुण्याला परत गेल्यावर मी रोज दुपारी तो पेरायची आणि वेचायची. बोंडापाशी जायचं, एक बटण दाबायचं, टप्प आवाज येऊन पिशवीत जातं. हाताला काटे लागत नाहीत, कंबर दुखत नाही. खोटं कशाला सांगू, मला तो आवाज आवडायचा.

दिवाळीच्या आधीचा आठवडा. मुलगा दुकानात, सून शाळेत शिकवायला. मी वेचत होते आणि मला शेतात आणखी एक बाई दिसली. बुटकी, डोक्यावर पदरासारखं काहीतरी. मला वाटलं मुक्ताच्या मित्रानं नवीन माणूस केलं असेल. पण तिथे प्रत्येकाच्या डोक्यावर त्याचं नाव तरंगत असतं. हिच्या डोक्यावर काहीच नव्हतं. मी एका बोटानं टाइप केलं, 'कोण'. उत्तर नाही. ती शेजारच्या ओळीत वेचत राहिली. तिनं वेचलेलं माझ्या पिशवीत जमा होत होतं, आकडा वाढताना मी पाहिला. थोड्या वेळानं ती सरळ माझ्या ओळीत घुसली आणि माझ्या पुढची तीन बोंडं तोडून परत आपल्या ओळीत गेली.

मला सुमन आठवली. पण आठवण येणं वेगळं आणि मानणं वेगळं. मी कॉम्प्युटर बंद करून चहा केला.

दुसऱ्या दिवशी ती परत आली. तिसऱ्या दिवशीही. दोन्ही दिवस तेच, माझ्या ओळीत शिरायचं, तोडायचं, परत जायचं. तिसऱ्या दिवशी मी एकटीच खोलीत बोलले, "तुह्या तासात जा ना वं!" आणि मग स्वतःचाच राग आला.

चौथ्या दिवशी मी लॉगिन केलं तर पीक नवं फुटलं होतं, पांढरंशुभ्र. ती वेचत नव्हती. कुंपणाजवळ उभी होती. तिच्या समोर जमिनीवर पाच दगड ओळीनं मांडलेले होते आणि त्यांच्यापुढे पांढऱ्या कशानं तरी भरलेलं वाडगं. पाच दगडांपासून थोडा लांब, एकटा, एक लहान दगड होता.

हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. सुमनची पहिली मुलगी आठ दिवसांची होऊन गेली. त्यानंतर दर वर्षी सीतादहीला मी पाच खडे मांडले की सुमन वीतभर अंतरावर गुपचूप एक बारका खडा ठेवायची. एकदा मी विचारलं. म्हणाली, "जगली असती तं आपल्या मागं मागं शेतात आली असती ना, जाऊबाई." मी पुन्हा कधी विचारलं नाही. तो खडा हलवलाही नाही. हे फक्त आम्हा दोघींना माहीत. तिच्या नवऱ्यालाही नाही.

मी कांदाभाकरला दगडांपर्यंत चालवत नेलं. त्या दिवशी मात्र ती भिंतीत गेली नाही, सरळ गेली. मी पोचले तशी ती बाई बाजूला सरकली आणि माझ्या मागे जाऊन उभी राहिली. आम्ही दोघी पूजेला अशाच उभ्या राहायचो. मी पुढे, ती मागे.

खेळात हात जोडायचं बटण कुठलं ते मला माहीत नव्हतं. मी खुर्चीवरून उठले आणि स्क्रीनसमोर हात जोडले. सून घरी असती तर मला डॉक्टरकडे घेऊन गेली असती. परत बसले तेव्हा ती गेलेली होती. दगड होते.

संध्याकाळी मुक्ताला फोन लावला. तिनं तिकडून लॉगिन करून पाहिलं.

"आजी, दगड आहेत. सहा आहेत. पण क्लिक केलं की ज्यानं ठेवले त्याचं नाव दिसतं, आणि इथे तुझंच नाव येतंय. तूच ठेवलेस."

"मले दगड उचलता येते का? तू शिकवलं का?"

"नाही... पण चुकून दाबलं गेलं असेल. डुलकी लागली असेल तुला."

"डुलकीत माणूस ओळ धरून दगड मांडते का? आणि ते वाडगं?"

"तेच बघतेय. त्यात भात आहे. भात करायला लेव्हल वीस लागते. तू सहावर आहेस." मग तिनं विचारलं, "तू अजून कोणाला पासवर्ड दिलास का?"

नव्हता दिला. तो कॅलेंडरच्या मागेच होता. आमच्या घरात सीतादही कशी मांडतात ते माहीत असलेली मी एकटी. मुक्तानं ते ऐकलंसुद्धा नव्हतं, मला दोनदा समजावून सांगावं लागलं. तिनं त्या खेळवाल्यांना लिहून विचारलं. उत्तर आलं की त्यांच्या नोंदीप्रमाणे त्या चारही दुपारी कुंपणात एकच माणूस होतं. कांदाभाकर.

दुसऱ्या दिवशी मी सुमनच्या सुनेला, रेखाला, वलगावला फोन केला. अकरा-बारा वर्षांत पहिल्यांदा.

"रेखा, सीतादही कोण करते आता?"

"कोणीच नाही, मोठ्याई."

"सुमन करत होती ना?"

"नाही जी. तुमी मागं फिरल्या ना, सासूबाईनं ते ताट धुऱ्यावर नेऊन ठेवलं, तसंच. हात नाही लावला. त्या दोघी म्हाताऱ्या लई बोलल्या त्याईले. सासूबाई म्हणे, हे जाऊबाईचं काम हाय, त्या आल्या की करतीन. मंग कोण्याच वर्षी नाही केलं."

"मले कोणी सांगितलं नाही."

"तुमी फोन कुठं उचलत होत्या, मोठ्याई?"

मी विचारलं, "वेचणी कधी हाय?"

त्यांची वेचणी दोन दिवसांनी सुरू व्हायची होती. मी एसटीनं अमरावती आणि तिथून वलगावला गेले. रेखानं दहीभात केला होता. धुऱ्यावर शेजारच्या शेतातल्या दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. त्यातली एक म्हणाली, "जमते का वं हे, तुमी केलेलं?" मी म्हटलं, "दही थोडं आंबट हाय. बाकी सारं जमते." पाच खडे मांडले, थोडा लांब एक बारका मांडला. रेखानं विचारलं तेव्हा तिला सांगितलं. तिला आता माहीत असायला पाहिजे.

तर हे असं आहे. मला याचा अर्थ लागलेला नाही. मुक्ता म्हणते कॉम्प्युटरची काहीतरी गडबड. असेल. मला लेव्हल वीसचा भात कसा झाला ते गडबडीनं समजत नाही. सुमन होती असंही मी म्हणणार नाही, कारण असल्या गोष्टी मी मानत नाही, आजही नाही. तुमच्यापैकी कोणाला यातलं कळत असेल तर सांगा, पण उगाच शांती करा, नारळ फोडा असलं काही सांगू नका.

ती बाई परत आलेली नाही. मी अजून रोज दुपारी तासभर बसते, आता लेव्हल चौदा आहे. मुक्ताला वाटतं मी तिची वाट बघते. वाट कसली? आली तर तिला विचारायचं आता काही उरलेलं नाही. एक ओळ मात्र मी न वेचता मोकळी ठेवते. आली तर वेचेल, नाहीतर माझ्या ओळीत शिरेल. मी ओरडणार नाही.