व्हय म्हाराजा

आमची टीम हरली की सगळे गुपचूप घरी जातात. जिंकली की भांडण होतं. विक्रोळीतल्या आमच्या मैदानाला एक बुटकी भिंत आहे, तिच्यावर बसून मी वीसेक वर्षं आमच्या फुटबॉल क्लबचे सामने बघते आहे. आधी भाऊ खेळायचा म्हणून जायचे. भावाचा खेळ सुटला, माझी भिंत काही सुटली नाही. भांडण मात्र दरवेळी तेच: आपली टीम चांगली आहे, की फक्त आपले सर चांगले आहेत?

सर म्हणजे आमचे कोच. कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त आहेत. टीम ते निवडतात, बुटांची मापं त्यांना पाठ असतात, पंचांशी तेच बोलतात आणि कोणाच्या घरी बारावीचं टेन्शन आहे हेही त्यांनाच ठाऊक असतं. वस्तीतल्या पोरांची टीम त्यांनी वरच्या डिव्हिजनमध्ये नेली आणि तिथे टिकवली. मूळचे मालवणकडचे, त्यामुळे सामन्याआधी पोरांना गोल उभं करून गाऱ्हाणं घालतात. "बा देवा म्हाराजा, तुझी ही लेकरां खेळाक उतरतत, तेंच्या पायांक बळ दी!" मग सगळी पोरं आणि भिंतीवरचे आम्ही ओरडतो, "व्हय म्हाराजा!" "पंचाक दोन्ही डोळ्यांनी दिसू दे!" "व्हय म्हाराजा!" हसत हसत पोरं मैदानात जातात.

माझा एक जुना मित्र भिंतीवर माझ्या शेजारी बसायचा. पूर्वी आमचा गोलकीपर होता, गुडघा गेला आणि आमच्यात येऊन बसला. त्याचं कुटुंब बुलढाण्याकडचं, बौद्ध. गाऱ्हाण्याला तोही व्हय म्हणायचा. मी एकदा छेडलं तर म्हणाला, "मी देवाला नाही, सरांना व्हय म्हणतो. पण आमच्या घरी शिकवलंय गं, माणसाचा देव करायचा नाही. तुम्ही लोकांनी तेच चालवलंय."

मागच्या वर्षी क्लबच्या मीटिंगमध्ये तो उभा राहिला आणि म्हणाला, सरांच्या हाताखाली अजून कोणीतरी तयार व्हायला हवं. उद्या सर नसले तर आपली वाट लागेल. सगळे एका सुरात म्हणाले, सर आहेत ना, सर बघतील. सगळ्यात मोठा आवाज माझा होता. वर मी म्हणाले, "तुलाच ती खुर्ची हवी असेल तर सरळ सांग ना!" त्या दिवसापासून तो भिंतीवर बसेनासा झाला, पलीकडे कॉर्नरच्या झेंड्याजवळ एकटा उभा राहू लागला. माफी मागायला हवी हे मला कळत होतं. पण मीच का आधी, हा माझा जुना आजार.

यंदा जानेवारीत सरांची बायपास झाली. मी भेटायला गेले तेव्हा सर झोपले होते. त्यांच्या बायकोने, आमच्या काकींनी, मला स्वयंपाकघरात बसवलं, चहा दिला आणि दार लोटून घेतलं.

"डॉक्टर म्हणाले, आता मैदान बंद," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, गावी जाऊन राहू. ऐकतात कुठे! शेवटी एवढं कबूल केलं, की सीझनचा हा शेवटचा सामना पोरांनी माझ्याशिवाय निभावला, तर मी सुटलो. मग गावी. तुला पाया पडून सांगते, त्या दिवशी फोन करू नका. कोणालाच करू देऊ नकोस."

मी शब्द दिला. हात हातात घेऊन दिला.

सामना कांदिवलीच्या मैदानावर होता. बरोबरी झाली तरी डिव्हिजन वाचत होती, हरलो तर खाली. डोक्यावर ऊन मी म्हणत होतं. पोरं गोल करून उभी राहिली आणि तशीच उभी राहिली. गाऱ्हाणं घालायचं कोणी? इतक्या वर्षांत आम्ही सगळे फक्त व्हय म्हणायला शिकलो होतो. कॅप्टनने सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा..." आणि पुढचे शब्द त्याला येईनात.

तेवढ्यात एकाने मोबाइल काढला. मागे कधीतरी त्याने सरांचं गाऱ्हाणं रेकॉर्ड केलं होतं. लावलं. सरांचा खणखणीत आवाज आला, "बा देवा म्हाराजा, ह्यो मेलो पाऊस घडीभर थांबव!" आणि त्या रखरखीत उन्हात, आकाशात औषधाला ढग नसताना, अकरा पोरं आणि आम्ही पन्नासेक माणसं ओरडलो, "व्हय म्हाराजा!"

समोरची टीम पोट धरून हसली. मला हसू आलं नाही, संताप आला. पोरांचा आला, आमचा आला. आणि मीही ओरडले होते ना.

हाफटाइमला आम्ही एका गोलने मागे होतो. पोरं बॉल सोडून बेंचकडे बघत होती, आणि बेंचवर सरांची खुर्ची रिकामी. ती खुर्चीही कोणीतरी विक्रोळीहून टेम्पोत घालून आणली होती, खरंच! आमच्या भिंतीवरची माणसं माझ्या मागे लागली, तू फोन कर, तुझं सर ऐकतील. मी नाही म्हटलं. दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा कोणी म्हणायच्या आत मीच बाजूला जाऊन फोन लावला.

सरांनी लगेच उचलला. फोन उशाशी घेऊनच पडले असावेत. हळू आवाजात म्हणाले, "बोल."

"सर, हरतोय."

"ते खयसून येतत? उजवीकडसून की डावीकडसून?"

मला सांगता येईना. वीस वर्षं सामने बघणारी बाई मी, आणि आमच्यावर गोल कुठून झाला ते मला सांगता येईना. पाऊण तास मी त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते.

"मगे बघत काय हुतंस तू?" सर म्हणाले. रागावले नव्हते, थकले होते. "बघणारो कोण असात तिकडे, तर तेका दी फोन."

बघणारा एकच होता. मी झेंड्याजवळ गेले आणि वर्षभरानंतर त्याच्यापुढे हात केला, हातात फोन. त्याने तो घेतला. "उजवा बॅक वर पळतो आणि मागे येतच नाही, सर. त्याच्या मागच्या मोकळ्या जागेतून ते घुसतायत. त्याला मागेच ठेवला पाहिजे." मग थोडा वेळ ऐकलं, फोन मला परत दिला आणि कसंनुसं हसला. "म्हणाले, तुला कळलंय ना, मग मला कशाला विचारतोस?"

तो पोरांकडे गेला, समजावून सांगू लागला. पोरं ऐकत होती, पण नजर माझ्या हातातल्या फोनवर. कॅप्टनने मला विचारलं, "ताई, सरांनी सांगितलंय ना हे?"

मित्र माझ्याकडे बघत होता. नाही, ह्याने सांगितलंय, एवढंच म्हणायचं होतं. शिट्टी होत होती. मी म्हणाले, "हो, सरांनीच."

"व्हय म्हाराजा!" पोरं ओरडली आणि धावत सुटली.

त्यांची वाट बंद झाली, आम्ही एक गोल फेडला आणि बरोबरी झाली. डिव्हिजन वाचली. आमच्या माणसांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, ती खुर्ची डोक्यावर घेऊन नाचले. मित्र कधी निघून गेला मला दिसलंच नाही. संध्याकाळी ग्रुपवर एकामागोमाग एक सुरू झालं: सरांचा फोन आला म्हणून वाचलो, सर अंथरुणावरून जिंकवतात, सर आहेत तर सगळं आहे. मला राहवेना. मी लिहिलं, सरांनी काहीच सांगितलं नाही, मी खोटं बोलले, हे सगळं त्याचं डोकं होतं. खाली पहिलंच उत्तर आलं, "ताई, त्याला सुचवलं कोणी? सरांनीच ना!" मग हात जोडलेल्यांची रांग लागली.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या घरी गेले. काकींनी दार उघडलं, पण बस म्हटलं नाही. आतून सरांचा आवाज येत होता, फोनवर कोणाला तरी सांगत होते, "मी कायएक सांगूक नाय रे. तरी माझ्या नावाशिवाय पोरां ऐकूक नाय. मगे मी गावाक जाव कसो?" आवाजात काळजी होती, आणि खोटं कशाला बोलू, आनंदही होता.

काकी माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हणाले, "काकी, पोरांनी माझ्याशिवाय निभावलं तर, असं सर म्हणाले होते ना? निभावलं त्यांनी. खरंच निभावलं."

"मग हे पोरांना कोणी कळू दिलं नाही?" काकी म्हणाल्या.

आत सर विचारत होते, सराव कधीपासून ठेवायचा.