डिकीतली बाटली

वेगाच्या नादी लागलेला इतका घाबरट माणूस लातूर आणि नांदेड या दोन्ही जिल्ह्यांत मिळून दुसरा नसेल, आणि तो नेमका माझा जावई निघाला. भूकंपानंतर पंधराएक वर्षांनी लातुरात ट्यूशनचं पेव फुटलं, तेव्हा आमच्या गल्लीतल्या शहाण्या माणसांनी घरावर मजला चढवून बाहेरगावच्या पोरांना खोल्या दिल्या. आमच्या जावयांनी जुन्या पांढऱ्या गाडीच्या डिकीत गाडीचा जोर वाढवणाऱ्या नायट्रस वायूची निळी बाटली चढवली. नांदेड नाक्याजवळ त्यांचं गॅरेज आहे. हात चांगला आहे, लोक लांबून गाड्या आणतात. अशा माणसाला ही अवदसा कुठून आठवली म्हणून मी विचारलं, तर हातातला घास ठेवून ते मला समजावत बसले. हा वायू स्वतः पेटत नाही, इंजिनातल्या आगीला जास्तीची हवा पुरवतो. आग वाढली की गाडी उसळते. पण त्याच वेळी पेट्रोलही वाढवून द्यावं लागतं, नाहीतर आतला पिस्टन वितळतो. मी म्हटलं, चूल कशी फुंकायची ते मला शिकवू नका, भाकरी निवून राहिली.

दुसऱ्या कोणी ते काम दोन दिवसांत उरकलं असतं. यांनी आठ महिने लावले. बाटली दोन लोखंडी पट्ट्यांनी आवळली, मग ती हलते का हे बघायला मला डिकीत वाकून ढकलायला लावलं. दाब वाढून वायू सुटलाच तर तो बसलेल्या माणसांच्या नाकात न जाता बाहेर जावा म्हणून गाडीच्या खालून नळी काढली. बटणावर झाकण बसवलं. बटण दाबलं तरी पाय पूर्ण दाबलेला असल्याशिवाय आणि इंजिन आधीच जोरात फिरत असल्याशिवाय काही होणार नाही, अशी जोडणी केली. आणि एवढं करून वायू सोडायचं तोंड घेतलं सगळ्यांत बारीक. मी म्हटलं, एवढे अडसर घालायचे होते तर बसवलं कशाला? तर म्हणाले, "मामी, अडसर हायेत म्हणूनच बसवलं."

बरं, वापरतील म्हणावं तर तेही नाही. सार्वजनिक रस्त्यावर हे कायद्यात बसत नाही, म्हणून बाटलीच्या तोंडाची चावी तिथं कायम बंद. बघायचं असेल तर एका बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारातल्या सरळ रस्त्यावर, तेही मालकाला विचारून. मी डबा घेऊन पाच वेळा गेले. एकदा पेट्रोलचा वास यांना बरोबर वाटला नाही. एकदा थंडीनं दाबाचा काटा हिरव्या पट्टीच्या खाली होता. मी म्हटलं, स्टोव्ह लावून शेकू या. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं जसं मी कोणाचा गळा दाबायला निघाले. बाटलीजवळ जाळ कधीच न्यायचा नसतो म्हणे. मग बाटली उन्हाला ठेवून दोन तास बसलो. काटा हिरव्यात आला तेव्हा कोणाचा तरी देवणीचा बैल येऊन रस्त्यात उभा राहिला. बैल हलेपर्यंत काटा हिरव्याच्या वर गेला. आम्ही पिठलं-भाकरी खाऊन परत आलो.

उन्हाळ्यात तर कहरच. डिकी तापून बाटलीतला दाब वाढतो, म्हणून तिच्यावर ओलं गोणपाट. ज्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या वर्षीसुद्धा हा माणूस माझ्या घागरीतून तांब्याभर पाणी नेऊन त्या लोखंडाला पाजत होता. मी तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि गोणपाट भिजवलं.

मग नातीची, जावयांच्या लेकीची, परीक्षा आली. डॉक्टरकीला लागणारी, केंद्र नांदेडला, फाटक दीडला बंद होणार. दोन वर्षं त्या पोरीनं एक सण धड पाहिला नव्हता. मी म्हटलं, साडेनऊला निघू. यांनी सातला गाडीत बसवलं, मी अहमदपूरपर्यंत कुरकुरत होते. अहमदपूरच्या पुढं चाक पंक्चर झालं. ते बदलून निघालो, तर लोह्याच्या अलीकडं ट्रक आडवा झालेला. दोन तासांहून जास्त तिथंच. रस्ता मोकळा झाला तेव्हा साडेबाराला पाचच मिनिटं कमी होती. पोरीचे ओठ पांढरे पडले होते. मी जावयांच्या मागं बसले होते.

"दाबा ते बटण," मी म्हटलं.

"बाटली बंद हाय, मामी."

"मग उघडा. पाप माझ्यावर."

"रस्त्यावर माणसं हायेत. ती बंदच राहणार."

पोरीचं वर्ष गेलं तर त्या बाटलीला हार घालून बसा, असं मी तिच्यासमोर म्हटलं. ते साठच्या वर गेले नाहीत. फाटकाशी पोचलो तेव्हा आठ मिनिटं उरली होती. साडेनऊला निघालो असतो तर त्या ट्रकमागच्या रांगेच्या शेपटाला असतो, हे मला कळत होतं. मी ते बोलून दाखवलं नाही.

नात आत गेली. आम्ही समोरच्या लिंबाखाली बसलो. ते म्हणाले, "मामी, लोह्यापासून तुम्ही माझं शीट रेटून राहिल्या होत्या. दोन्ही हातांनी."

मला ठाऊकही नव्हतं.

मग रस्त्याकडं बघत त्यांनी सांगितलं. भूकंपात त्यांची आई ढिगाऱ्यातून जिवंत निघाली होती. सकाळी औशाकडून जीपमध्ये घालून लातूरला आणत होते. जीप माणसांनी भरलेली, चढाला दमायची. चौदा वर्षांचे हे आईचं डोकं मांडीवर घेऊन पुढचं शीट रेटत होते, तेवढ्यानं जीप पळेल म्हणून. लातूर आलं तेव्हा आई नव्हती. लग्नाला वीस वर्षं झाली, हे त्यांनी माझ्या लेकीलाही सांगितलं नव्हतं.

"तवापासून वाटतं, गाडीत जोर असावा," ते म्हणाले. "लागू नये. पण असावा."

मी डबा उघडला आणि त्यांना आधी वाढलं.

बाटली अजून डिकीत आहे. माझ्यासमोर तरी ते बटण अजून कोणी दाबलेलं नाही. मे महिन्यात ते गॅरेजात गुंतलेले असले की गोणपाट मी भिजवते. पाणी वाया जातं, हे म्हणायचं मात्र मी सोडलेलं नाही.