चौसष्ट अक्षरांचा ठसा

माझ्या बाबांनी आयुष्यभर लोकांचे तराजू तपासले. वजनमाप खात्यात ते निरीक्षक होते. दुकानात शिरायचे, एक शब्द न बोलता पिशवीतून पितळेची वजनं काढायचे आणि पारड्यात ठेवायचे. दुकानदाराच्या तोंडचं पाणी पळायचं. पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक, वजनाच्या पोटातून खरवडून काढलेलं शिसं, तळ आत ठोकलेलं माप, सगळं त्यांनी पकडलेलं होतं. गावभर त्यांना काटासाहेब म्हणत.

खात्यातून ते निवृत्त झाले, पण त्यांचा संशय काही निवृत्त झाला नाही. दूध अजूनही स्वतःच्या मापाने मोजून घेतात. शिंप्याकडून शर्ट आला की दोन्ही बाह्या एकमेकींवर ठेवून बघतात. आई म्हणते, "लग्नाआधी तीनदा भेटायला आले होते. तिसऱ्यांदा मीच विचारलं, अहो, माप जुळलं का एकदाचं?"

आईला हसता येतं. मला दरवेळी येत नाही. मी नऊ वर्षांची असताना शाळेत शंभर मीटर धावण्यात पहिली आले. धावतपळत घरी येऊन सांगितलं. बाबांनी शाबासकी दिली, आणि दुसऱ्या दिवशी टेप घेऊन मैदान मोजायला गेले. ते चौऱ्याण्णव मीटर भरलं. बक्षीस कुणी परत मागितलं नाही, पण प्रमाणपत्रावरचा शंभर खोडून चौऱ्याण्णव करून घेतल्याशिवाय बाबा तिथून हलले नाहीत. ते प्रमाणपत्र मी फाडून टाकलं. तेव्हापासून आमच्या घरात मी "हो" म्हटलं काय आणि "नाही" म्हटलं काय, बाबा स्वतः बघणारच, हे मी धरूनच चालले. आज मी चाळिशीची आहे आणि तेच धरून चालते. निदान गेल्या वर्षापर्यंत चालत होते.

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. पन्नास मुलं आणि चार कॉम्प्युटर, त्यातला एक नुसता गरम होतो. गेल्या वर्षी एका विमा कंपनीने जुने सव्वीस लॅपटॉप काढून टाकायचे ठरवले. महिनाअखेरपर्यंत शाळेने घेतले तर शाळेचे, नाहीतर भंगारात. त्यांच्यावरची ऑपरेटिंग सिस्टिम कालबाह्य झाली होती आणि नवी त्यांना झेपणारी नव्हती. मी शाळा समितीला म्हटलं, लिनक्स नावाची सिस्टिम घालू. फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवर छान चालते, आणि आतलं सगळं उघडं असतं, कुणीही वाचून बघावं.

समितीच्या अध्यक्षबाईंचं चष्म्याचं दुकान आहे. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं.

"फुकट? मग त्यांना काय मिळतं?"

"काही नाही. लोक मिळून बनवतात."

"बाई, मला काहीही सांगू नका. त्या पडद्यातून आमच्या मुलांकडे कोण बघत बसणार आहे, ते आधी सांगा."

शेवटी अट पडली. बाहेरच्या, कुणाच्या दबावात न येणाऱ्या माणसाने सगळं तपासून सही द्यायची, तरच लॅपटॉप घ्यायचे. "तुमच्या वडिलांनाच बोलवा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "तुमची मुलगी आहे म्हणून सोडतील असं वाटत नाही." सगळे हसले. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

बाबांना आधी ओळख व्हावी म्हणून मी त्यांच्या लॅपटॉपवर लिनक्स घालून दिलं. त्यांनी पहिलं काम काय केलं, तर कॅमेऱ्यावर जखमेला लावायची पट्टी चिकटवली. मग उलटतपासणी सुरू झाली.

"हे करणारे कोण?"

"जगभरातले लोक. काहींना कंपन्या पगार देतात, बरेचसे हौसेने करतात."

"हौसेने माणूस गाणं म्हणतो. हौसेने कुणी कारकुनी करत नाही. पाणी कुठंतरी मुरतंय."

पाणी कुठे मुरतंय ते शोधायला ते डोळ्यांत तेल घालून बसले. रोज सकाळी सिस्टिममधल्या बदलांची यादी यायची, ती शब्दकोश घेऊन वाचायचे. कुणी बदल केला, कधी केला, का केला, सगळं तिथे लिहिलेलं. चारपाच दिवसांत त्यांचा सूर नरमला. "आमच्या खात्यात असं असतं ना, तर निम्मे साहेब घरी गेले असते," ते आईला म्हणाले.

आणि मग त्यांना ठसा सापडला. सिस्टिमची फाईल उतरवून घेतली की तिच्यावरून कॉम्प्युटर चौसष्ट अक्षरांची एक ओळ काढून देतो. फाईलमध्ये एक टिंब जरी इकडचं तिकडं झालं, तरी ती अख्खी ओळ बदलते. बनवणाऱ्यांनी आपली ओळ संकेतस्थळावर छापलेली असते. दोन्ही ओळी जुळल्या तर फाईल अस्सल. बनवणारे स्वतःच सांगतात, आमच्यावर विश्वास ठेवू नका, ठसा जुळवून बघा.

बाबांनी हे दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला. "तीस वर्षं दुकानांत फिरलो," ते म्हणाले, "एक दुकानदार असं म्हणाला नाही." त्यांना खरोखर भरून आलं होतं. त्यांनी दोन्ही ओळी मोठ्या अक्षरांत छापून घेतल्या, चार चार अक्षरांचे गट पाडले, पट्टी धरून लाल पेन्सिलीने एकेक अक्षर जुळवलं. जुळलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा जुळवलं. रात्रीत काही बदललं असेल तर, म्हणाले.

शाळेतले लॅपटॉप मात्र अशक्त होते, त्यांना लिनक्सची वेगळी, हलकी आवृत्ती लागणार होती. तिची फाईल उतरवताना आमच्या शाळेचं इंटरनेट दोनदा तुटलं. शेजारच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी पेनड्राइव्ह दिला. "आम्ही हीच वापरतो. बिनधास्त घाला." मी घातली. दोन दिवसांत सव्वीसच्या सव्वीस लॅपटॉप तयार. ठसा जुळवायचा राहिला. खरं तर राहिला नाही, मी टाळला. करू नंतर, म्हटलं.

शुक्रवारी चार वाजता समिती बसली. बाबा पिशवी घेऊन हजर. एकेक लॅपटॉप उलटा करून त्यांनी स्क्रू मोजले. तीन कमी भरले, त्याची नोंद केली. प्रत्येक कळ दाबून बघितली. बिजागऱ्या हलवल्या. दीड तास अध्यक्षबाई जांभया देत होत्या. मग माझ्याकडे वळून बाबांनी विचारलं, "फाईलचा ठसा जुळवलास?"

"हो," मी म्हटलं.

का म्हटलं? "नाही" म्हणाले असते तर सही झाली नसती, आणि सोमवारी भंगाराची गाडी येणार होती. हे एक कारण, आणि तेच मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. दुसरं कारण जास्त खरं आहे. माझ्या "हो"ला आमच्या घरात किंमतच नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. बाबा आता पेनड्राइव्ह मागणार, पट्टी काढणार, लाल पेन्सिल काढणार. मग मी काहीही म्हटलं तरी काय बिघडतंय?

बाबांनी पेन काढलं आणि सही केली.

मी बघतच राहिले. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. हा माणूस दुधाचं माप दोनदा बघतो. मला कोंडीत पकडायला सापळा लावलाय का? की त्यांना बरं नाहीये? शनिवारी मी मुद्दाम माहेरी गेले आणि त्यांच्यावर नजर ठेवली. गोळ्यांचं पाकीट उघडून गोळ्या मोजल्या, नीट घेत होते. वर्तमानपत्र नेहमीसारखं शंका घेत वाचत होते. पेनड्राइव्ह त्यांनी शुक्रवारीच नोंदवहीसाठी म्हणून मागून घेतला होता, तो टेबलावर तसाच पडून होता. त्याला हातही लावला नव्हता. हे तर फारच संशयास्पद होतं. शेवटी मी आईला स्वयंपाकघरात गाठलं.

"बाबा ठीक आहेत ना?"

"तू त्यांच्या गोळ्या मोजतेस, ते दूध मोजतात. एका माळेचे मणी," आई म्हणाली आणि चहाचं आधण ठेवलं.

सोमवारी मुलांना लॅपटॉप मिळाले. सहावीतल्या एका मुलीने तर झाकण उघडायच्या आधी मला धुतलेले हात दाखवले. प्रत्येकाने आपापलं नाव घातलं, पासवर्ड ठरवला. मंगळवारी मुलांनी घरचा पत्ता आणि आईवडिलांचा फोन नंबर लिहून पहिलं पत्र टाइप केलं. धडा मीच दिला होता.

मंगळवारी दुपारी बाबांचा फोन आला. "ये जरा." एवढंच बोलले.

टेबलावर कागद होता, त्यावर वरखाली दोन ओळी, आणि लाल फुल्याच फुल्या. चारदोन अक्षरं योगायोगाने सारखी होती, बाकी काही म्हणता काही जुळत नव्हतं.

"तपासायला नव्हतं घेतलं," बाबा हळू आवाजात म्हणाले. जणू चोरी त्यांनी केली होती. "नोंदवहीत सहीशेजारी ठसा लिहायचा होता, म्हणून काढला. मला वाटलं, माझंच काही चुकलं. तीनदा काढला."

"जुनी आवृत्ती असेल," मी म्हटलं.

"जुन्यांच्या याद्या बघितल्या. कुठेच नाही." ते थांबले. "तू जुळवलास तेव्हा वेगळी फाईल होती का गं?"

ते मला वाट काढून देत होते. मी "हो" म्हणू शकले असते. मी लाल पेन्सिल उचलून कागदाशेजारी नीट ठेवली. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना कळलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसतेच कागदाची घडी घालत राहिले.

विज्ञानाच्या सरांना फोन केला. त्यांना फाईल भाच्याने दिली होती, भाच्याला कुणा मित्राने. विचारून सांगतो म्हणाले. अजून विचारतायत. त्या फाईलमध्ये काय होतं ते आजतागायत कळलेलं नाही. कॉपी करताना बिघडलेली असेल. कुणी आत काही घुसडलेलंही असेल. आणि तिच्यावर चालणाऱ्या सव्वीस लॅपटॉपांवर मुलं दोन दिवस आपली नावं, पासवर्ड, पत्ते लिहीत होती. मला आजही मधेच ते आठवतं.

बुधवारी समिती पुन्हा बसली. बाबा उभे राहिले.

"चूक माझी आहे. मी न तपासता सही केली."

कुणाला खरंच वाटेना. अध्यक्षबाई पुढे झुकल्या. "काटासाहेब, तुम्ही?"

"मीच."

माझं नाव घेतलं नाही, ठशाबद्दल मला विचारलं होतं हेही सांगितलं नाही. मला मूग गिळून बसता आलं असतं. खरं सांगते, पाचदहा क्षण मी बसलेही. मग मला बाबांची मान दिसली. आयुष्यात पहिल्यांदा ती खाली गेली होती, आणि ती मी घालायला लावली होती. मी उठले.

"त्यांनी मला विचारलं होतं. मी जुळवला म्हणून सांगितलं. जुळवला नव्हता. खोटं मी बोलले."

लॅपटॉप वाचले, एवढं बरं झालं. सगळे परत घेऊन पुसले गेले, समितीसमोर नवी फाईल उतरवली, अध्यक्षबाईंनी स्वतः चष्मा बदलून चौसष्ट अक्षरं मोठ्याने वाचली. मुलांचे पासवर्ड बदलले, घरोघरी चिठ्ठ्या गेल्या. कॉम्प्युटर खोलीची किल्ली माझ्याकडून काढून चित्रकलेच्या सरांकडे दिली. ते मला चालण्यासारखं होतं. पण अध्यक्षबाई जाता जाता अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "काटासाहेब, यापुढे तुमच्या सहीशेजारी आणखी एक सही घेऊ. राग नका मानू." बाबा म्हणाले, "बरोबर आहे." नियमाने बरोबरच होतं.

घरी आम्ही चालतच निघालो. मी त्यांची पिशवी मागितली, त्यांनी दिली नाही. कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानापाशी मला राहवलं नाही.

"बाबा, तुम्ही स्क्रू मोजलेत. एकेक कळ दाबून बघितलीत. मग तेवढा ठसाच का नाही जुळवला?"

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"लॅपटॉप कंपनीतून आले होते," ते म्हणाले. "ठशाचं तू सांगितलं होतंस."